चॉक्टॉ पूर्वज शोधायचा कसा, आणि ते ब्लड क्वांटम म्हणजे नक्की काय

अमेरिकेत ओक्लाहोमा, टेक्सास, मिसिसिपी या पट्ट्यात असंख्य घरांत एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते की आमची पणजी चॉक्टॉ होती, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी (तिकडे त्यांना इंडियन म्हणतात) चॉक्टॉ जमातीतली, आणि बहुतेक वेळा ती पूर्ण चॉक्टॉ होती असंही ठासून सांगतात. डॅलसला आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, तिथून उत्तरेला निघून रेड रिव्हर ओलांडली की थोड्याच वेळात ड्युरंट लागतं, तेच चॉक्टॉ नेशनचं मुख्यालय, पण कसिनोचं नाव सोडलं तर त्या लोकांबद्दल आपल्याला फारसं काही माहीत नसतं. मग ऑफिसातला कोणीतरी सहज बोलून जातो की माझ्याकडे सीडीआयबी कार्ड, म्हणजे इंडियन रक्ताच्या प्रमाणाचा सरकारी दाखला, आहे, मी १/१६ चॉक्टॉ आहे, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो की हे १/१६ मोजलं कोणी, रक्त तपासलं का, डीएनए केला का. तर तसलं काहीच नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एका सरकारी कारकुनाने एका कार्डावर एक अपूर्णांक लिहिला, आणि आजचा आकडा, म्हणजेच ब्लड क्वांटम, हा त्या अपूर्णांकाला पिढी दर पिढी दोनने भागत आलेला आहे. हे एकदा नीट कळलं की बाकी सगळं सोपं होतं, म्हणून मी सगळ्यात जास्त वेळ त्या कार्डावरच घालवणार आहे.

आधी तीन प्रश्न सुटे करून घेऊ, कारण गोंधळ इथेच होतो. माझा कोणी पूर्वज चॉक्टॉ होता का, हा इतिहासाचा प्रश्न झाला. मी चॉक्टॉ ट्राइबचा सभासद होऊ शकतो का, हा कायद्याचा प्रश्न, आणि तो ठरवायचा हक्क त्या त्या ट्राइबचा आहे, १९७८ मध्ये सांता क्लारा पुएब्लो या दुसऱ्या एका ट्राइबच्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. आणि माझ्यात चॉक्टॉ रक्त किती, हा निव्वळ सरकारी आकडेमोडीचा प्रश्न. पहिल्याचं उत्तर हो असूनही दुसऱ्याचं उत्तर नाही असू शकतं, असे कितीतरी लोक आहेत. आपल्याकडे जात पडताळणीला आजोबा-पणजोबांचा १९५० च्या आधीचा शाळेचा दाखला नाहीतर महसुली नोंद शोधत फिरावं लागतं ना, घरात सगळ्यांना सगळं माहीत असलं तरी समिती कागदच मागते, तसंच इथेही आहे, फक्त इथे तो मूळ कागद कुठला हे अगदी पक्कं ठरलेलं आहे.

चॉक्टॉ लोकांचं मूळ घर ओक्लाहोमा नाहीच, ते मिसिसिपी आणि त्याला लागून अलाबामाचा काही भाग. १८३० मध्ये अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष असताना इंडियन रिमूव्हल ॲक्ट झाला आणि त्याच वर्षी २७ सप्टेंबरला डान्सिंग रॅबिट क्रीकचा तह झाला, त्यात चॉक्टॉंची सुमारे १ कोटी १० लाख एकर जमीन गेली आणि त्यांना मिसिसिपी नदीपलीकडे, आजच्या ओक्लाहोमात जायला सांगितलं. १८३१ ते १८३३ या काळात तीन टप्प्यांत हे लोक नेले, पहिल्याच हिवाळ्यात बर्फात अडकले, पुढे कॉलऱ्याची साथ आली, अडीच हजारांच्या आसपास माणसं वाटेत गेली असा अंदाज आहे. पण याच तहात एक चौदावं कलम होतं आणि पूर्वज शोधणाऱ्याने ते विसरायचं नाही. ज्याला मिसिसिपीतच राहायचंय त्याने सहा महिन्यांत सरकारी एजंटकडे नाव नोंदवायचं, मग त्या कुटुंबप्रमुखाला ६४० एकर जमीन मिळेल आणि तो त्या राज्याचा नागरिक होईल. विल्यम वॉर्ड नावाच्या एजंटने काय केलं, तर आलेल्या लोकांना परत पाठवलं, नोंदी केल्याच नाहीत, केल्या त्याही धड ठेवल्या नाहीत, त्यामुळे हजारो लोक मागे राहिले पण कागदावर शंभर कुटुंबंसुद्धा आली नाहीत. आज कोणाला मिसिसिपीतला पूर्वज सापडत नाही तेव्हा त्याची सुरुवात बऱ्याचदा इथे झालेली असते.

या फाळणीमुळे आज फेडरल, म्हणजे केंद्र, सरकारने मान्य केलेल्या चॉक्टॉ ट्राइब तीन आहेत. ओक्लाहोमातली चॉक्टॉ नेशन, जिचे सभासद दोन लाखांच्या वर आहेत. मिसिसिपी बँड ऑफ चॉक्टॉ इंडियन्स (बँड म्हणजे इथे लोकांचा गट), म्हणजे जे गेले नाहीत त्यांचे वंशज, त्यांना मान्यता मिळाली १९४५ मध्ये. आणि लुइझियानातला छोटा जेना बँड, १९९५ मध्ये मान्य झालेला. अलाबामात मोवा बँडही आहे पण त्यांना राज्याची मान्यता आहे, फेडरल नाही. या सगळ्यांचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे "चॉक्टॉ व्हायला किती रक्त लागतं" या प्रश्नाला एक उत्तर नाहीच, कुठल्या चॉक्टॉ, हे आधी विचारायला पाहिजे.

आता ओक्लाहोमाकडे, कारण बहुतेकांचा शोध तिथेच जातो. तिकडे गेल्यावर चॉक्टॉंनी आपलं राज्य पुन्हा उभं केलं, स्वतःची घटना, कोर्टं, शाळा, काउंट्या, आणि जमीन सगळ्या नेशनची मिळून सामायिक, कोणा एकाच्या नावावर नाही. अमेरिकन सरकारला आणि त्या भागात घुसलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना नेमकी तीच गोष्ट नको होती. म्हणून १८९३ मध्ये हेन्री डॉझ या माजी सिनेटरच्या हाताखाली एक कमिशन नेमलं, डॉझ कमिशन, त्याचं काम असं की चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ, क्रीक आणि सेमिनोल या पाच नेशन्सना सामायिक जमिनीचे तुकडे करायला राजी करायचं. १८९८ च्या कर्टिस ॲक्टनंतर तर राजी करायची गरजच उरली नाही. पण जमीन वाटायची म्हणजे आधी माणसं मोजायला हवीत, कोण हक्कदार आणि कोण नाही, आणि त्यासाठी जी यादी केली ती डॉझ रोल्स. अडीच लाखांहून जास्त लोकांनी अर्ज केले, पाचही नेशन मिळून मंजूर झाले ते एक लाखाच्या थोडे वर. ४ मार्च १९०७ ला यादी बंद झाली, १९१४ मध्ये थोडीशी नावं वाढली, बस्स. त्याच वर्षी, १९०७ च्या नोव्हेंबरात, ओक्लाहोमा राज्य झालं.

म्हणजे लक्षात घ्या, ही यादी कोणी कुठल्या वंशाचा हे शोधायला केलेलीच नव्हती, ती जमीन वाटपाची यादी होती. आणि आज चॉक्टॉ नेशनच्या १९८३ च्या घटनेप्रमाणे सभासद कोण, तर त्या यादीत "बाय ब्लड", म्हणजे रक्ताने चॉक्टॉ, म्हणून ज्यांची नावं आहेत ते आणि त्यांचे थेट वंशज. तुमचा पूर्वज शंभर टक्के चॉक्टॉ असेल, भाषा बोलत असेल, पण त्या यादीत नसेल तर या नियमाला तो दिसत नाही.

त्या काळचं एक कार्ड डोळ्यांपुढे आणा. कमिशनचे लोक गावोगाव तंबू नाहीतर भाड्याच्या खोल्यांत बसायचे आणि लोक येऊन शपथेवर माहिती द्यायचे. एका घराचं एक कार्ड, आडवं, रकाने छापलेले, आत शाईने हाताने भरलेलं. वरती राहण्याची काउंटी, पोस्ट ऑफिस आणि कार्डाचा नंबर. खाली एकेका ओळीत एकेक माणूस, पहिला घरातला मुख्य, मग बायको, मुलं, आणि प्रत्येकापुढे मुख्याशी नातं काय, वय किती, बाई की पुरुष, आणि मग तो एक बारीकसा रकाना ज्याच्यावर "ब्लड" लिहिलेलं, त्यात कुठे "फुल", कुठे १/२, कुठे ३/८, कुठे १/१६. गोरा नवरा किंवा गोरी बायको असेल तर तिथे आय डब्ल्यू, म्हणजे लग्नाने आलेला गोरा. पुढे १८८५, १८९३ नाहीतर १८९६ च्या जुन्या ट्राइबल यादीत हे नाव कुठल्या काउंटीत कितव्या नंबरला होतं ते. त्यानंतर वडलांचं नाव आणि आईचं नाव, आणि ते हयात नसतील तर तसं. डाव्या कडेला रोल नंबर, हा प्रत्येक माणसाचा वेगळा, घराचा नाही. आणि तळाला शेरे, ते कधीच वाचायचे सोडू नका, कारण कोणाचं लग्न कोणाशी झालं, अमुक मूल तमुक तारखेला वारलं, या मुलाचं नाव दुसऱ्या कार्डावर नेलंय, असलं सगळं सोनं तिथेच सापडतं. शिवाय प्रत्येक कार्डामागे एक अर्जाची फाइल असते, तिला जॅकेट म्हणतात, तिच्यात जबान्या, जन्माची प्रतिज्ञापत्रं, लग्नाचे दाखले असतात, कधी चार पानं तर कधी जाडजूड. कार्ड बघून थांबलात तर अर्धंच काम झालं.

आता तो ब्लडचा रकाना. तो भरला कसा, तर माणसाने सांगितलं ते, त्याच्या ओळखीच्यांनी सांगितलं ते, आणि समोरच्या कारकुनाला बघून वाटलं ते, असं मिळून. दुसरं काही मोजमाप नव्हतंच. त्यामुळे एकाच आईबापाच्या सख्ख्या भावंडांचे अपूर्णांक वेगवेगळे लिहिलेले सापडतात, थोरला भाऊ लग्न होऊन वेगळ्या कार्डावर गेला तिथे "फुल" आणि बहीण दुसऱ्या कार्डावर १/२. हे काही लहान प्रकरण नाही, कारण आज त्या दोघांच्या पणतवंडांचे आकडे त्याच लिखाणावरून काढतात आणि ती नोंद बदलून घेणं जवळजवळ अशक्य आहे.

आणि चॉक्टॉंना स्वतःला अशा अपूर्णांकांची कधी गरज नव्हती. त्यांच्याकडे कूळ आईकडून, त्याला ते इक्सा म्हणतात, नवरा-बायको एका इक्सातले चालत नाहीत आणि मूल आईच्या इक्साचं. आई चॉक्टॉ तर मूल चॉक्टॉ, अर्धं पाऊण असा विषयच नाही. ग्रीनवुड लेफ्लोर, ज्याने १८३० च्या तहावर प्रमुख म्हणून सही केली, त्याचा बाप फ्रेंच-कॅनेडियन व्यापारी होता, आणि तरीही तो चॉक्टॉंचा प्रमुख झाला, ते आईकडच्या नात्यामुळे. (तो स्वतः मात्र मिसिसिपीतच राहिला, मोठा मळेवाला झाला, आणि लोकांनी त्याला ते माफ केलं नाही.)

मग सरकारला हा रकाना हवा कशाला होता? याचं उत्तर २७ मे १९०८ च्या कायद्यात उघड दिसतं. वाटून दिलेली जमीन विकता येऊ नये, तिच्यावर कर लागू नये, असं सुरुवातीला संरक्षण होतं. या कायद्याने ते संरक्षण रक्ताच्या आकड्याला बांधलं. लग्नाने आलेले गोरे, फ्रीडमेन (चॉक्टॉंकडचे पूर्वीचे गुलाम आणि त्यांचे वंशज) आणि अर्ध्यापेक्षा कमी रक्त लिहिलेले लोक, यांच्या जमिनीवरची सगळी बंधनं उठली. अर्धं ते पाऊण लिहिलं असेल तर फक्त घरासाठी म्हणून राखलेला तुकडा सुरक्षित. पाऊण किंवा जास्त असेल तर सगळी जमीन सुरक्षित. बंधन उठलं म्हणजे स्वातंत्र्य मिळालं असं वाटतं खरं, पण प्रत्यक्षात झालं असं की कर लागला, कर्ज झालं, दलाल टपलेलेच होते, आणि जमीन हातातून गेली. म्हणजे कारकुनाने १/२ लिहायचं की ३/८ लिहायचं यावर एका कुटुंबाची जमीन राहणार की जाणार हे ठरत होतं. पुढे १९४७ च्या स्टिग्लर ॲक्टने तर वारसाकडे किमान अर्धं रक्त नसेल तर वारसाने आलेल्या जमिनीचंही संरक्षण जाईल असं केलं, ते कलम दुरुस्त व्हायला २०१८ चा डिसेंबर उजाडला. मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे, की आज लोक जो आकडा आपली ओळख म्हणून सांगतात तो मुळात जमीन कोणाची लवकर मोकळी करता येईल हे बघायला वापरला गेला.

ठीक, आता शोध कसा करायचा. सुरुवात कायम स्वतःपासून करायची आणि मागे मागे जायचं. लोक उलटं करतात, रोलमध्ये आपल्या आडनावाचा कोणीतरी शोधतात आणि त्याला स्वतःशी जोडायला बघतात, आणि फॉल्सम नाहीतर लेफ्लोर अशी आडनावं तर ढिगाने आहेत, एक सोडून दहा सापडतील आणि त्यातला एकही तुमचा नसेल. तुमचा जन्मदाखला, त्यावर आईवडलांची नावं. मग त्यातल्या ज्याच्याकडून चॉक्टॉ नातं आहे त्याचा जन्मदाखला, त्यावर आजोबा-आजीची नावं. असं करत करत १९०२ च्या आसपास, डॉझ यादी होत होती तेव्हा, जिवंत असलेल्या माणसापर्यंत पोचायचं. दाखला राज्य सरकारचा, प्रमाणित, आईवडलांची नावं असलेला हवा, हॉस्पिटलमध्ये बाळाच्या पायाचे ठसे घेऊन देतात ते सुंदर सर्टिफिकेट इथे कामाचं नाही. आणि एक सोपी गोष्ट लोक विसरतात, घरात कोणी मावशी, काका, आजी आधीच कार्ड काढून बसलेली आहे का ते विचारा, कारण तुमच्या थेट रांगेतल्या आईकडे नाहीतर आजोबांकडे आधीच कार्ड असेल तर तुम्हाला फक्त तिथपर्यंतचेच कागद जोडायचे असतात.

अडचण येते ती साधारण पणजोबांच्या पिढीला. ओक्लाहोमात जन्मनोंदणी १९०८ मध्ये सुरू झाली खरी पण खेड्यापाड्यात, घरीच बाळंतपणं, कोण नोंदवायला जाणार, त्यामुळे कितीतरी लोकांचे दाखले नंतर, मोठेपणी, नातेवाइकांच्या प्रतिज्ञापत्रांवर काढलेले असतात, त्याला विलंबित जन्मदाखला म्हणतात, तो शोधा. तोही नसेल तर मृत्यूदाखला, त्यावर आईवडलांची नावं आणि आईचं माहेरचं नाव बऱ्याचदा असतं. आणि कोर्टातली वारसाची कागदपत्रं तर फारच उपयोगी, कारण अलॉटमेंटची, म्हणजे वाटपात मिळालेली, जमीन असलेला माणूस वारला की वारस कोण हे कोर्टात लिहिलं जायचं, सगळ्या मुलांची नावं, लग्न झालेल्या मुलींची सासरची नावंसुद्धा. बायकांच्या बाबतीत हे विशेष सांभाळा, १९०२ मध्ये चार वर्षांची असलेली मुलगी रोलवर माहेरच्या नावाने आहे, तुम्ही तिला सासरच्या नावाने शोधत बसलात तर ती कधीच सापडणार नाही. स्पेलिंगवरही फार विसंबू नका, चॉक्टॉ नावं कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत.

रोल बघायला पैसे लागत नाहीत. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर आहे, ओक्लाहोमा हिस्टॉरिकल सोसायटीच्या साइटवर नावाने शोधता येतो. आधी नावावरून रोल नंबर, रोल नंबरवरून कार्ड नंबर, कार्ड नंबरवरून कार्ड आणि मग जॅकेट, हा क्रम. मूळ कागद टेक्सासमध्ये फोर्ट वर्थच्या आर्काइव्ह्जमध्ये आहेत. १९०० आणि १९१० च्या जनगणनेत इंडियन लोकांसाठी वेगळे तक्ते होते, त्यात आई आणि वडलांची ट्राइब विचारलेली आहे, तेही बघून घ्या. आणि १९३७ च्या आसपास सरकारी योजनेत ओक्लाहोमातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेऊन टाइप करून ठेवल्यात, इंडियन-पायोनियर पेपर्स म्हणून, त्यात कोणाचे आईबाप मिसिसिपीहून कसे चालत आले हे त्यांच्याच तोंडून वाचायला मिळतं, पुरावा म्हणून उपयोग होवो न होवो, तुमच्या गावातल्या कोणाची सापडली तर वाचाच.

आकडेमोड अगदी सोपी आहे. आईचं आणि वडलांचं प्रमाण मिळवायचं आणि दोनने भागायचं. समजा टेक्सासमधली एक बाई आहे, १९८८ चा जन्म. तिची पणजी रोलवर आहे, १/२ म्हणून. पणजीचा नवरा गोरा, तर तिचा मुलगा १/४, त्याची मुलगी १/८, आणि ही बाई १/१६. पण तिच्या आजोबांनी दुसऱ्या एका रोलवरच्या घरातल्या मुलीशी लग्न केलं असतं जिचं प्रमाण १/८ होतं, तर १/४ आणि १/८ मिळून ३/८, त्याचं अर्धं ३/१६ हे तिच्या आईचं, आणि हिचं मग ३/३२. आणि पणजीच्या भावाला लिहिलं तसं पणजीलाही "फुल" लिहिलं असतं तर पहिल्या हिशोबात १/१६ ऐवजी १/८ आलं असतं. माणसं तीच, नाती तीच, फक्त एक शब्द वेगळा.

हा आकडा ज्याच्यावर छापलेला असतो ते सीडीआयबी, म्हणजे इंडियन रक्ताच्या प्रमाणाचा दाखला, तो ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्सचा, म्हणजे फेडरल सरकारचा. ट्राइबचं सभासदत्व ही वेगळी गोष्ट, तिचं कार्ड वेगळं, मत द्यायचा हक्क त्यावर. ओक्लाहोमाच्या चॉक्टॉंसाठी दोन्ही अर्ज ड्युरंटचं ऑफिसच बघतं म्हणून लोकांना ते एकच वाटतं. आणि तिथे किमान प्रमाण नाही, १/५१२ निघालं तरी रोलवरच्या माणसापर्यंत साखळी पूर्ण असेल तर तुम्ही सभासद, आणि साखळीत एक जागा रिकामी असेल तर घरात फोटो असोत, भाषा येत असो, अर्ज अडतो. मिसिसिपी बँडचं उलट, तिथे किमान १/२ लागतं आणि त्यांचा आधार १९४० ची यादी. त्यामुळे तिथे वाढलेल्या, घरात चॉक्टॉच बोलणाऱ्या १/२ आईचं मूल, बाप बाहेरचा असेल तर १/४ आणि सभासद होऊ शकत नाही. मला विचाराल तर दोन्ही नियमांमागचं कारण कळतं, पुन्हा एकदा बाहेरच्यांनी घुसून सगळं वाटून घेऊ नये ही मिसिसिपीवाल्यांची भीती इतिहास बघता खोटी नाही, पण त्या मुलाच्या बाजूने बघितलं की तो नियम फार कठोर वाटतो.

डीएनए टेस्टबद्दल रोज कोणीतरी विचारतं म्हणून सांगते, ती यासाठी चालत नाही. बाजारातली टेस्ट फार तर अमेरिका खंडातल्या मूळ लोकांशी नातं आहे एवढं सांगेल, चॉक्टॉ की चेरोकी की मेक्सिकोतलं एखादं गाव, हे ती सांगू शकत नाही, आणि आपल्या वाट्याला आलेला तुकडा इतका लहान असू शकतो की ती काहीच दाखवणार नाही. २०१८ मध्ये सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी टेस्टचा निकाल जाहीर केला तेव्हा चेरोकी नेशनने लगेच सांगितलं की ट्राइबचा नागरिक कोण हे असं ठरत नाही. डीएनएचा उपयोग एकाच ठिकाणी, जन्मदाखल्यावर बापाचं नाव नसेल तर अमुक माणूस बाप आहे हे दाखवायला. दत्तक गेलेल्यांनाही जन्म देणाऱ्या आईबापांकडूनच साखळी जोडावी लागते, आणि दत्तकाची कागदपत्रं सीलबंद असतात म्हणून आधी कोर्टाकडे जावं लागतं, तो मार्ग लांब आहे पण बंद नाही.

एवढं करूनही पूर्वज रोलवर सापडत नसेल तर गोष्ट खोटीच होती असं लगेच समजू नका. २५ सप्टेंबर १९०२ च्या आधी वारलेला माणूस अंतिम यादीत नसतोच, त्याची मुलं शोधा, त्यांच्या कार्डावर आईबाप म्हणून त्याचं नाव मिळेल. यादी करताना इंडियन टेरिटरीत, म्हणजे ओक्लाहोमा राज्य होण्याआधी या पाच नेशन्सचा जो भाग होता तिथे, न राहणारे बाहेर राहिले, टेक्सासला आधीच निघून गेलेले असे बरेच. काहींनी वाटपालाच विरोध म्हणून नाव दिलं नाही. मिसिसिपीवाल्यांना घरदार सोडून टेरिटरीत येऊन तीन वर्षं राहायची अट होती, गरीब माणसं, कुठून जमणार. काहींचे अर्ज फेटाळले, त्यांची कार्डं वेगळ्या गठ्ठ्यात आहेत आणि जॅकेटमधली जबानी तेवढीच मोलाची आहे. त्याच्याही मागे जायचं तर १८३१ ची आर्मस्ट्राँग यादी आहे, स्थलांतराच्या वेळी कोणाची शेती कुठे होती हे सांगणारी, आणि मागे राहिलेल्यांसाठी १८५० च्या दशकातली कूपर यादी. तिथे नाव सापडलं तर पहिल्या, इतिहासाच्या, प्रश्नाचं उत्तर मिळालं, सभासदत्व मात्र त्याने मिळत नाही. गियॉन मिलर यादीत शोधायला कोणी सांगितलं तर ती चेरोकींची आहे, त्यात वेळ घालवू नका.

शेवटी एक गट असा आहे ज्यांना पूर्वज रोलवर सापडतो, नाव, नंबर, सगळं, आणि तरी दार उघडत नाही. चॉक्टॉंमधले श्रीमंत लोक आफ्रिकन गुलाम ठेवायचे, मिसिसिपीतून येताना ते त्यांनाही घेऊन आले. १८६६ च्या तहाने गुलामी संपली पण त्या लोकांना नागरिक म्हणून घ्यायला नेशनने जवळजवळ वीस वर्षं लावली. मग डॉझ कमिशन आलं आणि त्यांची यादी वेगळी केली, फ्रीडमेन म्हणून, सुमारे सहा हजार माणसं. त्यांच्या कार्डावर ब्लडचा रकानाच नाही, त्या जागी कोणाचा गुलाम होता ते विचारलेलं आहे. बाय ब्लडवाल्याला ३२० एकर, फ्रीडमनला ४०. आणि बाप चॉक्टॉ, आई काळी असं मूल असेल तर तेही फ्रीडमेनच्याच यादीत, रक्ताचा हिशोब इतका महत्त्वाचा मानणाऱ्या सरकारने इथे मात्र तो केलाच नाही. १९०७ मध्ये बेटी लिगॉन या बाईच्या नावाने शेकडो लोकांनी खटला भरला की आमचे बाप चॉक्टॉ आणि चिकसॉ आहेत, आम्हाला बाय ब्लड यादीत घ्या, तो ते हरले. १९८३ च्या घटनेत फक्त बाय ब्लड वंशज राहिले. २०२१ मध्ये चीफ गॅरी बॅटन यांनी खुलं पत्र लिहून या विषयावर बोलायची तयारी दाखवली. त्यावर काही ठरेपर्यंत या कुटुंबांतले लोक आपल्या परीने शोध चालू ठेवतात, आणि त्यांना माझं सांगणं एवढंच की फ्रीडमन कार्डावर थांबू नका, जॅकेट काढा आणि जबानी ओळ न्‌ ओळ वाचा, कारण कार्डावर जो बाप लिहिला नाही त्याचं नाव तिथे आईने शपथेवर सांगितलेलं असू शकतं, आणि लिगॉन खटल्यातल्या अर्जदारांच्या यादीतही आपली माणसं आहेत का ते बघा.